सौर पंपाची पेटी : दाब वाढतो, शक्ती वाढत नाही

काटोल-नरखेड भागात आंबिया बहाराच्या संत्र्याला उन्हाळ्यात पाणी चुकले, तर वर्षाची मेहनत वाया जाते. अशा वेळी सौर पंप बंद पडून कसे चालेल? २०२४ मध्ये राज्यात 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजना आली. पंप बसला की आपण प्लेटा मोजून घेतो, पण कंट्रोलरच्या पेटीकडे लक्ष देत नाही. आज तिच्याविषयीच बोलू.

समजा, एका ओळीत जोडलेल्या ८ प्लेटांतून भर उन्हात ३०० व्होल्ट मिळतात. मोटर ४१५ व्होल्टची थ्री-फेज असेल, तर पेटीच्या आत सुमारे ६०० व्होल्ट लागतात. मग उरलेले येतात कोठून?

चालत्या पाइपलाइनचा व्हॉल्व्ह एकदम बंद केला, की पाइपला दणका बसतो ना? धावत्या पाण्याचा जोर अडला, की दाब उसळतो. पेटीतही असेच घडते. तारेच्या गुंडाळीतून वीज धावते आणि इलेक्ट्रॉनिक खटका तिला सेकंदाला हजारो वेळा अडवतो. गुंडाळीत साठलेला जोर प्लेटांच्या व्होल्टेजमध्ये मिळतो. खटका निम्मा वेळ चालू, निम्मा वेळ बंद ठेवला, तर व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होते.

पण बरं का, शक्ती वाढत नाही! ३०० व्होल्ट आणि ९ अँपिअर म्हणजे २,७०० वॅट. ६०० व्होल्ट झाले, की अँपिअर साडेचारच. त्यातूनही थोडी वीज उष्णतेत जाते. म्हणून प्लेटांवर धूळ बसली किंवा सावली पडली, तर त्याची भरपाई पेटी करू शकत नाही.

यासाठी पुढील दक्षता घ्यावी :

१. प्लेटा सकाळी, थंड असताना साध्या पाण्याने धुवाव्यात. एकाच प्लेटवर झाडाची सावली पडली, तरी सगळ्या ओळीची वीज घटते.

२. मनाने जादा प्लेट ओळीत जोडू नये. प्लेट थंड असताना व्होल्टेज जास्त असते. मे महिन्यात चाललेली जोडणी डिसेंबरच्या सकाळी पेटी जाळू शकते. पेटीवर लिहिलेली कमाल व्होल्टेजची मर्यादा पाळावी.

३. पेटी सावलीत, हवेशीर जागी असावी. तिच्यावर पोते टाकू नये.

४. पेटी कधीही उघडू नये. खटका बंद केल्यावरही आतील कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज काही वेळ राहते. दिवसा प्लेटांची जोडणी ओढून काढू नये, डी.सी. विजेची ठिणगी लवकर विझत नाही.

५. अर्थिंग पावसाळ्यापूर्वी तपासून घ्यावे.

योजनेच्या पंपाला ५ वर्षांची दुरुस्तीची हमी आहे. बिघाड झाला तर तक्रार नोंदवा, स्क्रू-ड्रायव्हर हाती घेऊ नका. बागेला पाणी एक दिवस उशिरा देता येईल. गेलेला जीव परत येत नाही.