नोंदवही किती पुरी, किती ताजी?

नोंदवही पुरी आहे का, हे नोंदवहीलाच विचारून कळत नाही. तिच्यात जे आहे तेवढेच ती सांगणार. जे राहून गेले त्याचा पत्ता ती कुठून देणार? वाण्याच्या उधारीच्या वहीपासून सरकारी दप्तरापर्यंत हे सारखेच लागू आहे.

उदाहरणादाखल आपण महारेराची, म्हणजे महाराष्ट्रातील गृहप्रकल्पांची नोंद घेऊ. २०१६ च्या कायद्यान्वये नेमलेल्या या प्राधिकरणाचे काम २०१७ साली सुरू झाले, आणि तिथली माहिती संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. जन्माची पुंजी घरात घालणारा माणूस आधी तिथेच पाहतो. तेव्हा हा नुसता आकडेमोडीचा प्रश्न नव्हे.

प्रथम पुरेपणाचे पाहू. तळ्यात मासे किती, हे कळायला तळे उपसावे लागत नाही. काही मासे धरून, खूण करून सोडायचे आणि पुन्हा जाळे टाकायचे. दुसऱ्या खेपेस खुणेचे किती आले, यावरून एकूण अंदाज निघतो. हीच युक्ती चंद्रशेखरन आणि डेमिंग या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९४९ साली जन्ममृत्यूच्या नोंदीला लावून दाखवली. बंगालमधल्या सिंगूर भागातील निबंधकाची यादी आणि घरोघर फिरून केलेली यादी, अशा दोन याद्या त्यांनी ताडून पाहिल्या.

आपणही तसेच करावे. चार मित्र मिळून एखाद्या रविवारी आपला वॉर्ड फिरा. महारेराची यादी मात्र बरोबर नेऊ नका. नाहीतर डोळे तेवढेच शोधतील. जिथे इमारत उठते आहे तिथला पत्ता टिपा. समजा, ४० कामे सापडली आणि त्यांतली ३० नोंदीत निघाली. म्हणजे नोंद रुपयात बारा आणे पुरी. नोंदीत त्या वॉर्डातील चालू कामे ६० असतील, तर खरी कामे ८० च्या आसपास धरावीत. बाहेर राहिली २०. त्यांतली १० आपण पाहिली. उरलेली १० दोन्ही याद्यांना चुकवून गेली!

पण इथे जपून पावले टाकावीत. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा ८ पर्यंत सदनिका असतील, तर नोंदणीची सक्ती नाही. ती कामे आधी वजा करा. मोठ्या प्रकल्पाचा प्रत्येक टप्पा स्वतंत्र नोंदला जातो. म्हणून नावावर न जाता पत्ता आणि भूमापन क्रमांक जुळवा. शिवाय हमरस्त्यावरचे टोलेजंग काम दोन्ही याद्यांत सहज येते, गल्लीतले दोन्हींतून निसटते. मग नोंद आहे त्याहून पुरी भासते. यासाठी हमरस्ता आणि गल्ल्या यांचा हिशेब वेगवेगळा करावा.

आता ताजेपणा. बांधणाऱ्याने दर तीन महिन्यांनी माहिती अद्ययावत करावी, असे कायदा सांगतो: किती घरांची नोंदणी झाली, कोणत्या परवानग्या मिळाल्या, काम कुठवर आले. चिठ्ठ्या टाकून २० प्रकल्प काढा आणि दोन प्रश्न विचारा. शेवटची माहिती तीन महिन्यांच्या आतली आहे का? आणि लिहिले आहे तसे काम जागेवर दिसते का? या दोन उत्तरांची गल्लत करू नका. तारीख कालची आणि मजकूर गेल्या वर्षीचा, असेही घडू शकते. पूर्णत्वाची मुदत टळली, पण मुदतवाढ नाही आणि दाखलाही नाही, असे किती, तेही मोजा. वीस चिठ्ठ्यांच्या उत्तरात वीसेक टक्क्यांची चूक इकडे किंवा तिकडे होऊ शकते, हे मात्र ध्यानात असू द्या.

नाव नोंदीत नाही, म्हणून लगेच फसवणूक ठरवू नये. सक्तीतून सूट कशी, ते लेखी विचारावे. नाव आहे, म्हणूनही निश्चिंत होऊ नये. कारण तिथली माहिती बांधणाऱ्यानेच भरलेली असते. करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम त्याला घेता येत नाही, एवढे ध्यानात ठेवा. नोंदवहीवर विश्वास जरूर ठेवावा. तो किती आणे ठेवायचा, हे मात्र आपण मोजून ठरवावे.