विज्ञानाच्या वाटेवरचा कल्याणमित्र
(इंझोरी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने मला 'आपली मुले आणि उच्च शिक्षण' हा विषय दिला. विषय मोठा आहे आणि माझ्यानंतर बोलणारेही आहेत. म्हणून मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. आपल्या गावचा मुलगा किंवा मुलगी बी.एस्सी. होते. पुढे काय होते?

पुढे काय होते ते आपण सर्व जाणतो. मुलगा पहाटे उठून पोलीस भरतीच्या तयारीला पळायला लागतो, नाहीतर अमरावतीला किंवा पुण्याला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. मुलीचे स्थळ पाहणे सुरू होते. मी पोलीस भरतीला नावे ठेवीत नाही. त्या नोकरीने आपली कितीतरी घरे उभी राहिली. पण तीन वर्षे रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र शिकलेल्या मुलाला एम.एस्सी.च्या पुढे संशोधनाचा रस्ता आहे, त्या रस्त्यावर दरमहा पैसे मिळतात, हे कुणी सांगितलेलेच नसते. माहीत असून दुसरा रस्ता निवडला तर ती त्याची निवड. माहीतच नसेल तर तिला निवड कशी म्हणायची?

बाबासाहेबांनी हा प्रश्न फार आधी ओळखला होता. 1942 च्या जुलैमध्ये ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले, आणि त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. त्यांनी म्हटले की कला आणि कायद्याच्या शिक्षणाने आपल्या समाजाचा फारसा फायदा होणार नाही. खरा उपयोग होईल तो विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाचा, आणि नेमके तेच आपल्या लोकांच्या ऐपतीबाहेर आहे. हे लिहिणारा माणूस स्वतः बॅरिस्टर आणि अर्थशास्त्रज्ञ होता, हे ध्यानात घ्या! त्यांची मागणीही मोघम नव्हती. देशातल्या विद्यापीठांत व तंत्रशिक्षणाच्या संस्थांत शिकणाऱ्या मुलांसाठी वर्षाला दोन लाखांच्या शिष्यवृत्त्या आणि परदेशी विद्यापीठांसाठी वर्षाला एक लाख, तेही विज्ञान-तंत्रज्ञानासाठी. त्यातूनच पुढे मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आली. आज आपली मुले जी शिष्यवृत्ती घेतात तिचे मूळ तिथे आहे.

म्हणजे पैशाची सोय करण्याला सुरुवात होऊन ऐंशी वर्षे झाली. ती पुरेशी नाही, वेळेवर मिळत नाही, हे खरे. तरी पण काही ना काही सोय आहे. मग आपली मुले विज्ञानाच्या मोठ्या संस्थांत एवढी कमी का? केंद्र सरकारने दिलेल्या आकड्यांप्रमाणे 2015 ते 2019 या काळात देशातल्या आय.आय.टी. संस्थांत पीएच.डी.ला जे प्रवेश झाले त्यात अनुसूचित जातींचे विद्यार्थी सुमारे 9 टक्के आणि अनुसूचित जमातींचे सुमारे 2 टक्के होते. राखीव जागा आहेत 15 आणि साडेसात टक्के. संस्था सांगतात, योग्य उमेदवार मिळत नाहीत. हे उत्तर मी पुरते मान्य करीत नाही. दार आतून लोटलेले असते, हेही मला माहीत आहे. पण त्या दारापर्यंत आपण किती मुले पोहोचवतो, हा प्रश्न आपल्याला विचारावाच लागेल, कारण तेवढे काम आपल्या हातात आहे.

बाबासाहेबांच्याच आयुष्यात पाहा. चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज वाचीत बसतो, हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी पाहिले. गुरुजी शिक्षक होते, काही धनवान नव्हते. त्यांनी मुलाची विचारपूस केली, त्याला पुस्तके दिली. 1907 मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्काराच्या सभेत स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. बहुतेकांना एवढेच माहीत असते. माझ्या मते गुरुजींचे मोठे काम त्यानंतरचे आहे. शिक्षण पैशावाचून अडते असे दिसताच त्यांनी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला आणि महिना 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. सत्कार करून गुरुजी घरी गेले नाहीत, हा मुद्दा आहे. पुढे बाबासाहेब 1913 मध्ये कोलंबियाला गेले, तिथे त्यांना प्राध्यापक सेलिग्मन भेटले. 1920 मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला शिकायला निघाले तेव्हा सेलिग्मन यांनी तिकडचे प्राध्यापक फॉक्सवेल यांना त्यांच्याविषयी पत्र लिहिले. एकाने पुस्तक दिले आणि पैशाची वाट दाखवली, दुसऱ्याने शिफारसपत्र दिले. बुद्धी बाबासाहेबांची, कष्टही बाबासाहेबांचे. पण बाबासाहेबांसारख्या माणसालाही वाट माहीत असलेले कुणी तरी लागले, तर आपल्या मुलांना ते लागणार नाही काय?

अशा माणसाला आपल्या धम्मात फार चांगला शब्द आहे: कल्याणमित्र. संयुत्त निकायात आनंद भगवंतांना म्हणतो की कल्याणमित्राची संगत म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य झाले. भगवान त्याला थांबवतात आणि सांगतात, अर्धे नव्हे, संपूर्ण. मी तो शब्द आज शिक्षणासाठी वापरतो आहे, भन्तेजींनी क्षमा करावी.

आता कल्याणमित्राने करायचे काय? नुसते 'शिका, मोठे व्हा' म्हणून चालत नाही. मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. ते 1974 मध्ये निघाले, व्ही. जी. कुलकर्णी हे त्याचे पहिले संचालक. 1980 च्या सुमारास या केंद्राने मुंबई महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुले आठवीपासून हाती घेतली आणि त्यांना दहावीपर्यंत साथ दिली. या कामातून मुलांच्या बुद्धीत खोट दिसली नाही. सर्वांत मोठा अडसर निघाला भाषेचा. पुस्तकातली मराठी ही त्या मुलांच्या घरातली मराठी नव्हती. भाषा सोपी केली, प्रश्न विचारायला जागा दिली, की तीच मुले पुढे जाऊ लागली. आपल्याकडचे उदाहरण घ्या. माठातले पाणी गार का होते, हे आपल्या प्रत्येक घरातल्या मुलीने पाहिलेले असते. पुस्तकात 'बाष्पीभवन' आले की तिला वाटते, हे काही तरी दुसरेच आहे. आणि 'विष्यंदिता' हा शब्द तर मला वाटते शिक्षकालाही घाबरवण्यासाठीच बनवला असावा! त्यापेक्षा तेल आणि पाणी उताराला ओतून दाखवा.

बी.एस्सी.ला गेले की दुसरी भिंत येते, इंग्रजीची. मराठी माध्यमात 80 टक्के मिळवणारा मुलगा पहिल्या वर्षात वर्गात मागच्या बाकावर जातो आणि तिथेच बसतो. इथे कल्याणमित्राचे काम अगदी साधे आहे. आठवड्यातून एक दिवस त्याच्याबरोबर बसावे, त्याच्याच पुस्तकातले एक पान डिक्शनरी घेऊन वाचावे आणि ते त्याला वऱ्हाडीत सांगायला लावावे. वर्षभरात तो मुलगा पुढच्या बाकावर येतो.

यानंतर येतात तारखा आणि कागद. माझा अनुभव असा की आपली मुले परीक्षेत नापास होण्यापेक्षा तारखेत जास्त नापास होतात. आय.आय.टी.मध्ये एम.एस्सी. करण्यासाठी जॅम नावाची परीक्षा असते. ती फेब्रुवारीत होते, पण अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरावा लागतो, म्हणजे बी.एस्सी.चे तिसरे वर्ष नुकते सुरू झालेले असताना. आपल्याकडे पुढचा विचार सुरू होतो जूनमध्ये, निकाल लागल्यावर. तोपर्यंत गाडी निघून गेलेली असते. उन्हाळ्याच्या सुटीत देशातल्या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत काम करण्यासाठी विज्ञान अकादमींची फेलोशिप असते. तिचेही अर्ज आधीच्या हिवाळ्यातच भरायचे असतात. दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काढलेल्या मुलाची भीड चेपते, आणि पुढे शिफारसपत्र लिहिणारा एक माणूस त्याला मिळतो.

दाखल्याविषयी मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हा आपल्या समाजाचा खास प्रश्न आहे. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती 1990 च्या कायद्याने मिळाल्या. पण नुसते 'नवबौद्ध' लिहिलेला राज्याचा दाखला केंद्रीय संस्थेत अडतो. तिथे मूळ अनुसूचित जातीचा उल्लेख असलेला, केंद्राच्या नमुन्यातला दाखला लागतो. तो तहसीलमधून निघायला वेळ लागतो आणि प्रवेशाची मुदत कुणासाठी थांबत नाही. म्हणून बारावी झाली की लगेच सेतू केंद्रावर जाऊन हा दाखला काढून ठेवावा. जात पडताळणीचेही तसेच. संस्थेने एक दिवसाचे शिबिर घेऊन गावातल्या सर्व बारावीच्या मुलांचे हे काम एकदम केले, तर मला शाल-श्रीफळ नाही मिळाले तरी चालेल.

आता आई-वडिलांसाठी. तुमची अडचण मला कळते. सोयाबीनचे भाव तुम्ही जाणता, घरात दुसरी लेकरे आहेत, आणि मुलगा म्हणतो अजून पाच-सहा वर्षे शिकतो. पण हे ऐका. एम.एस्सी.नंतर नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधक फेलोशिप मिळाली तर जानेवारी 2023 पासूनच्या दराने महिना 37,000 रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. दोन वर्षांनी ते 42,000 होतात. म्हणजे पीएच.डी. करणारा मुलगा घरावर भार नसतो, तो घराला हातभार लावू शकतो. अनुसूचित जातींसाठी वेगळी राष्ट्रीय फेलोशिपही आहे. परदेशी जायचे तर केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासून आहे आणि राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे. मुलींच्या आईंना हे मी मुद्दाम सांगतो, कारण स्थळ येते तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही.

हे होऊ शकते का? आपल्याच विदर्भातले उदाहरण आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यात चिरचाडी नावाचे आदिवासी खेडे आहे. तिथले भास्कर हलामी आश्रमशाळेत शिकले, बी.एस्सी. गडचिरोलीला, एम.एस्सी. नागपूरच्या विज्ञान संस्थेत. 2003 मध्ये नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेत प्राध्यापक झाले. ते एम.पी.एस.सी.ही उत्तीर्ण झाले होते. तरी त्यांनी संशोधन सोडले नाही. अमेरिकेत मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठातून पीएच.डी. केली आणि तिथेच औषध संशोधनात शास्त्रज्ञ झाले. आणि असे मार्गदर्शन संघटित रीतीने करणारेही आपल्या भागात उभे राहिले आहेत. बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंप्री खंदारेचे राजू केंद्रे यांनी 2017 मध्ये 'एकलव्य' सुरू केले. घराण्यातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांना पुढच्या संस्थांपर्यंत नेण्याचे काम ते करतात. वर्ध्याला अनूप कुमार यांनी नालंदा अकादमी उभी केली. या दोन्हींचा भर अधिक करून सामाजिक शास्त्रांवर राहिला, असे मला दिसते. विज्ञानाची बाजू अजून रिकामी आहे.

प्रवेश मिळाला म्हणजे काम झाले असे मात्र समजू नका. 2007 मध्ये प्राध्यापक सुखदेव थोरात यांच्या समितीने दिल्लीच्या एम्समध्ये आपल्या मुलांना कसे वागवले जाते याचा अहवाल दिला. थोरात सर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, बाबासाहेबांनी औरंगाबादला काढलेल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. शिक्षकांचा दुरावा, वसतिगृहात वेगळे पडणे, हे सारे त्यात नोंदले आहे. 17 जानेवारी 2016 ला हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुला गेला. विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचे त्याचे स्वप्न होते. म्हणून माझी विनंती आहे की मुलगा दूर गेल्यावर त्याला दर रविवारी फोन करा. मार्क विचारू नका. जेवलास का, मित्र झाले का, गाईड बोलतात का, हे विचारा. आवाज बदललेला वाटला तर एक जण गाडीत बसून जाऊन या. तिकिटाचा खर्च संस्थेने करावा.

आपण दरवर्षी दहावी-बारावीच्या मुलांचा गुणगौरव करतो. ट्रॉफी देतो, फोटो काढतो. चांगलेच आहे. पण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाची विचारपूस या गावात कोण करतो? माझी सूचना अशी की ट्रॉफींचा खर्च थोडा कमी करून त्या पैशातून परीक्षांचे अर्ज भरावेत आणि संस्थेने एक वही ठेवावी. वहीत डावीकडे मुलाचे नाव, उजवीकडे त्याची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचे. तो माणूस प्राध्यापकच असावा असे नाही. बँकेतला असेल, तलाठी असेल, नर्स असेल. ज्याला विषय कळत नाही त्याने तारखा सांभाळाव्यात, विषयाचे आम्ही पाहू.

अशी एक कोरी वही मी आज बरोबर आणली आहे. मानोरा, कारंजा, वाशीम, कुठल्याही कॉलेजात बी.एस्सी.ला असलेल्या मुला-मुलींनी भोजनापूर्वी माझ्याकडे येऊन नाव आणि वर्ष लिहावे. जे तिसऱ्या वर्षात आहेत त्यांनी आधी यावे, त्यांच्याकडे वेळ कमी आहे. आणि मोठ्यांपैकी ज्यांना उजव्या बाजूला नाव लिहायचे आहे त्यांनीही यावे. पेन माझ्याकडे आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!