स्वस्तातली महागडी गाडी

ऊसबिल आलं की पोरगं म्हणतं, "आई, पुण्यात जुनी स्पोर्ट्‌स कार अर्ध्या किमतीत मिळतीय." रागावू नका, हिशेब मांडा. गाडी जुनी झाली तरी तिचे टायर, सुटे भाग महागड्या गाडीचेच लागतात. शिवाय ती बुटकी. आपल्या कुर्डुवाडीकडच्या पाणंदीत पोट घासणार.

तरी घ्यायचीच, तर आधी आरसी बुक बघा. त्यावर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचा ना-हरकत दाखला अन् फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. वर्षभराच्या विम्याचे, दुरुस्तीचे पैसे बाजूला काढा. तेवढे उरत नसतील, तर गाडी परवडत नाही. अन् त्यासाठी बचतगटाचं कर्ज मुळीच काढू नका, बायांनो.