देवाच्या जमिनीचा कागद

(कलशारोहणाच्या आदल्या सायंकाळी सभामंडपात केलेले भाषण. समितीच्या आग्रहावरून लिहून दिले.)



समितीने मला दोन शब्द बोलायला सांगितले आहे. मी कीर्तनकार नाही आणि वक्ताही नाही. शिक्षण एस. एस. सी. वडील नोकरीत असतानाच वारले. त्यांच्या जागी अनुकंपेवर तालुक्याच्या कचेरीत शिपाई म्हणून लागलो. पहिली काही वर्षे अभिलेख कक्षात, म्हणजे आपल्या भाषेत दप्तरखान्यात गेली. रुमाल सोडायचे, बांधायचे, वाळवी लागली का ते पाहायचे, साहेबांनी मागितलेला गठ्ठा काढून द्यायचा. पुढे खात्याची परीक्षा देऊन कारकून झालो. तेव्हा मला जे थोडेफार कळते ते जुन्या कागदांतले कळते, आणि त्यावरच बोलणार आहे.

मंदिराचे काम काढले त्या वर्षी पारावर काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. तरी सांगतो, कारण ते या पुस्तिकेत राहिले पाहिजे. मुंबईच्या एका देणगीदार सद्गृहस्थांनी मोठी रक्कम देण्यापूर्वी सरळ विचारले, "देवाची जमीन देवाच्या नावावर आहे ना?" प्रश्न रास्त होता. कुणीतरी मोबाइलवर सात-बारा काढला. भोगवटादार म्हणून गुरवतात्यांच्या घराण्याची नावे. इतर हक्काचा रकाना कोरा. देवाचे नाव कुठेच नाही. क्षेत्र ० हेक्टर ७५ आर.

झाले! गुरवांनी देव गिळला, अशी हाकाटी सुरू झाली. वडीलधारी माणसे सांगत होती की जमीन एक एकर चौतीस गुंठे होती. मग पाऊण हेक्टर कशी उरली? बाकीची कुठे गेली? पूजा काढून घ्या, इथपर्यंत मजल गेली. तात्या त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. सांजेला नेहमीप्रमाणे दिवा लावला आणि घरी गेले.

क्षेत्राचे कोडे तिथल्या तिथे सुटण्यासारखे होते. एकराचे गुंठे चाळीस. एक एकर चौतीस गुंठे म्हणजे चौऱ्याहत्तर गुंठे. गुंठा म्हणजे तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद. आर त्याहून किंचित लहान, शंभर चौरस मीटरचा. चौऱ्याहत्तर गुंठ्यांचे जवळजवळ पंच्याहत्तर आर होतात. जमीन होती तेवढीच होती, माप तेवढे बदलले होते. हे मी पारावर सांगितले, पण रागावलेल्या माणसाला हिशेब ऐकू येत नाही. "तू कचेरीतला, तू त्यांचीच बाजू घेणार," असेही एक जण म्हणाला. मग ठरवले की तोंडाने काही सांगायचे नाही, कागद आणायचा.

आता कागद कसा शोधतात ते सांगतो, कारण हे काम तुमच्यापैकी कुणालाही करता येते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ मध्ये कलम ३२७ आहे. नकाशे आणि जमिनीचे अभिलेख लोकांना पाहता यावेत आणि त्यांच्या नकला मिळाव्यात, अशी त्यात सोय आहे. हा कुणाचा मेहेरबानीचा मामला नव्हे. शिवाय २०१८ च्या शासन निर्णयाने दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत कचेरीतले अभिलेख नागरिकांना पाहण्याची सोय ठेवली आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे तो वेगळाच.

पण मंडळी, खिडकीशी जाऊन "आमच्या देवाच्या जमिनीचे कागद द्या" म्हटले तर काही मिळत नाही. गाव, गट नंबर, कोणत्या सालचा कोणता नमुना, हे अर्जात लिहावे लागते. मी स्वतः नवा कारकून असताना एका म्हाताऱ्या आजीला गट नंबर माहीत नाही म्हणून तीन वेळा परत पाठवले होते. गावाच्या खातेनोंदवहीत, म्हणजे आठ-अ मध्ये, तिच्या नवऱ्याचे नाव पाहिले असते तर पाच मिनिटांत नंबर सापडला असता. ते मी केले नाही. आजी चौथ्यांदा आलीच नाही. ती गोष्ट अजून मनाला लागते.

तर सात-बारा हातात घ्यावा. त्यावर नावांजवळ वर्तुळात बारीक आकडे असतात, त्यांच्याकडे कुणी पाहत नाही. ते फेरफाराचे क्रमांक. सात-बाऱ्यावर नाव चढले किंवा उतरले की गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, का चढले, का उतरले ते लिहिलेले असते. खरेदी, वाटणी, वारस, बोजा, सारे तिथे. त्या आकड्याचे बोट धरून मागे मागे जायचे. आम्ही तसेच गेलो. शेवटचा फेरफार वारसाचा निघाला, तात्यांच्या वडिलांच्या मृत्यूनंतरचा. त्याच्या मागचा आजोबांचा. त्याच्या मागे मात्र वाट बंद झाली, कारण तिथे गट नंबरच संपला. त्यापूर्वी सर्व्हे नंबर होते. तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्याखाली गावोगाव योजना झाल्या, तेव्हा सर्व्हे नंबरांचे गट झाले. जुना नंबर कोणता आणि नवा कोणता, हे तहसीलात शोधून उपयोग नाही. ते कागद उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे असतात. एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा मागायचा. टिपण, फाळणी, आकारबंद, गावचा नकाशा हेही तिथलेच. खरेदीखताची सूची दोन मागायची ती दुय्यम निबंधकांकडे. आपल्या लोकांचे निम्मे हेलपाटे चुकीच्या दारात उभे राहण्यात जातात.

एकत्रीकरणाच्या उताऱ्यात जुना सर्व्हे नंबर मिळाला, आणि धारकाच्या रकान्यात चक्क देवाचे नाव! तो नंबर घेऊन मी दप्तरखान्यात आलो. जुने हस्तलिखित सात-बारे तिथे गावनिहाय बांधलेले असतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी सगळीकडचे रुमाल उघडले गेले, धूळ झटकली गेली, त्याचा आम्हाला फायदा झाला. एरवी आपल्या गावचा गठ्ठा शोधायलाच दोन दिवस लागले असते. गट पडल्यानंतरचा पहिला उतारा काढला. वरच्या ओळीत "श्री भैरवनाथ देव", खाली "वहिवाटदार" म्हणून तात्यांच्या पणजोबांचे नाव, आणि इतर हक्कात "देवस्थान इनाम वर्ग ३". अक्षर सुरेख, शाई अजून काळी.

मग पुढचा उतारा काढला. सात-बाऱ्याच्या वहीची पाने भरली की तलाठी नवी वही लिहीत. साधारण दहा-दहा वर्षांनी असे पुनर्लेखन होई. त्या नव्या वहीत वरची ओळ नाही. "वहिवाटदार" हा शब्दही नाही. राहिले फक्त गुरवांचे नाव. इतर हक्क कोरा. आणि या बदलाला फेरफार क्रमांकच नाही! मंडळी, खूण ती हीच. नाव बदलले आणि फेरफार नाही, म्हणजे कुणी व्यवहार केलेला नाही. लिहिताना राहून गेले आहे. पुढे संगणक आला तेव्हा वहीत होते ते संगणकात गेले. देवाला कुणी गिळले नव्हते. एका रात्री कंदिलाशी बसून शेकडो पाने उतरवणाऱ्या माणसाची एक ओळ सुटली होती.

तरी मी एक खात्री करून घेतली. देवस्थान इनाम दोन तऱ्हेचे असते. कुठे जमीनच देवाला दिलेली असते, तर कुठे जमीन दुसऱ्याची आणि फक्त तिचा सारा देवाला दिलेला असतो. दुसऱ्या प्रकारात जमिनीवर देवाचा दावा सांगणे हा धारकावर अन्याय होईल. हे गाव नमुना तीन, म्हणजे दुमाला जमिनींच्या नोंदवहीवरून आणि इनामाच्या जुन्या रजिस्टरावरून ठरवतात. आपली जमीन देवालाच दिलेली निघाली. दिवाबत्ती आणि पूजाअर्चा यांसाठी, वहिवाट गुरवांकडे. म्हणजे ज्या कागदाने देवाचे नाव परत आणले, त्याच कागदाने तात्यांचा सेवेचा आणि वहिवाटीचा हक्कही सांगितला. पूजा काढून घ्या म्हणणाऱ्यांनी तो कागद स्वतः वाचला, एवढेच मी म्हणतो.

पुढचे काम तसे सोपे झाले. कलम १५५ प्रमाणे लेखनातली चूक, किंवा संबंधित पक्षकार मान्य करतात अशी चूक, दुरुस्त करता येते. तहसीलदारांकडे अर्ज गेला, नोटिसा निघाल्या. तात्या जबाबाला आले. मी त्यांना म्हटले, तात्या, वाटल्यास वकिलाला विचारा. ते म्हणाले, "देवाच्या नावाखाली माझं नाव लिहिलेलं होतं, ते वर कसं गेलं ते मलाही ठाऊक नव्हतं. त्याचं त्याला द्या." जबाबावर सही केली. मुलांनीही केली. मंडळी, त्या जमिनीला आता रस्ता लागून आहे आणि भाव काय चालले आहेत ते तुम्ही जाणता. दलाल त्यांच्या ओट्यावर दोनदा येऊन गेले होते, हे मला नंतर कळले. सात-बाऱ्यावरची नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते. ओळ परत आली नसती तर पुढच्या पिढीत काय झाले असते, कोण जाणे. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०२१ रोजी मध्य प्रदेशातल्या प्रकरणात, मालकाच्या रकान्यात देवाचेच नाव हवे, पुजाऱ्याचे नको, असे सांगितले आहे. पण तात्यांनी सही केली ती निकाल वाचून केलेली नव्हे.

मंदिराच्या जागेबद्दल थोडे. ती गावठाणात असल्याने तिचा सात-बारा नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये नोंद आहे, पण ती कराची नोंद, मालकीचा पुरावा नव्हे. गावठाणाच्या मोजणीनंतर मिळकत पत्रिका होते, ती पाहून घ्यावी. आणि धर्मादाय कार्यालयात न्यासाच्या परिशिष्ट एकचा उतारा काढला तेव्हा विश्वस्त म्हणून जी नावे निघाली, त्यांतले एकही गृहस्थ आज हयात नाहीत! विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो आता दिला आहे.

या सर्व कागदांच्या सहीशिक्क्याच्या नकला एका फायलीत लावल्या आहेत. मोबाइलवर फुकट दिसतो तो उतारा पाहण्यापुरता. कामाला पंधरा रुपये भरून डिजिटल सहीचा काढावा लागतो, तोही लावला आहे. एक फाइल देवाच्या पेटीत, दुसरी समितीच्या चिटणिसांकडे. मूळ सनद मात्र अजून हाती नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात तिचा शोध घ्यायचा आहे, आणि मिळाली तरी ती मोडीत असणार. देणगीदारांपैकी कुणाच्या ओळखीत मोडी वाचणारे असतील तर चिटणिसांना कळवावे. रजा टाकून मी बरोबर येईन.

बराच वेळ घेतला. महाप्रसादाची पंगत खोळंबली आहे. तात्या, तुम्ही आधी बसा. श्री भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!