मोठे रुग्णालय आणि रुग्णाची सोबत
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



वार्षिक मेळाव्यात गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक, निधीचा हिशेब आणि वधूवरांची सूची या विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. आज आम्ही जो विषय घेतला आहे तो मात्र आनंदाच्या दिवशी कोणास रुचण्याजोगा नाही. तो विषय म्हणजे कर्करोग, आणि त्याच्या उपचारासाठी सरकारी रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या माणसाचा अनुभव. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ज्ञातीतील व शेजारपाजारच्या रुग्णांसोबत जाण्याचे प्रसंग आम्हांवर वारंवार आले. तेथे जे पाहिले व जे समजले, ते आपणांपुढे ठेवणे आम्हांस कर्तव्य वाटते.

'टाटाला नेले' एवढे दोन शब्द कानी पडले की आपल्याकडे घरात चूल पेटत नाही. परंतु ज्या रुग्णालयाचे नाव आपण इतक्या भीतीने घेतो, त्याचा इतिहास भीतीचा नसून करुणेचा आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या; पुढल्याच वर्षी दोराबजीही गेले. त्यांच्या नावाच्या विश्वस्त निधीतून परळ येथे हे रुग्णालय उभे राहिले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते रुग्णांसाठी खुले झाले. १९५७ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ते आपल्याकडे घेतले आणि १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे आले. अणूचा आणि औषधपाण्याचा संबंध काय, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. पण किरणांनी रोग जाळण्याची विद्या ही त्या शास्त्राचीच एक शाखा होय. आज तेथे निम्म्याहून अधिक रुग्णांवर विनामूल्य किंवा नाममात्र खर्चात उपचार होतात. धनिकाने लाखो रुपये मोजून मिळवावे असे ज्ञान शेतमजुराच्या वाट्यास येते, ही आपल्या देशास भूषणावह गोष्ट आहे.

असे असता अशा मोठ्या सरकारी रुग्णालयांतून परतणारी माणसे पुष्कळदा तक्रार घेऊन का येतात? "डॉक्टर बोललेच नाहीत," "इथून तिथे नुसते पिटाळले," "तारखेवर तारीख दिली," ही वाक्ये आपण सर्वांनी ऐकली आहेत. या तक्रारी खोट्या नसतात. देशाच्या कानाकोपऱ्यातून लोटणारी गर्दी आणि मोजके डॉक्टर यांचा मेळ घालताना एका रुग्णाच्या वाट्याला काही मिनिटेच येतात. तेवढ्यात त्यास आयुष्यातील सर्वांत कठीण बातमी ऐकावयाची असते. ती अर्धी परकीय शब्दांत असते, आणि बाहेर पडल्यावर कोणती खिडकी, कोणता मजला, कोणता कागद, हे ठाऊक नसते. ज्याने उभ्या जन्मात तालुक्याच्या कचेरीपलीकडे काही पाहिले नाही, त्याचे अशा ठिकाणी काय होत असेल याची कल्पना करावी.

आम्ही पाहिलेली एक हकीकत सांगतो. ती परळची नव्हे. दुसऱ्याच एका सरकारी रुग्णालयातील आहे, आणि त्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. आमच्या परिचयातील एका बाईंना गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला व किरणोपचार सुरू झाले. तिसऱ्या आठवड्यात यंत्र बिघडले. दारावर इंग्रजीत एक चिठ्ठी लावलेली होती आणि "नंतर या" एवढेच उत्तर मिळाले. मुंबईत राहण्याची सोय नसल्याने नवराबायको गावी परतली. सतरा दिवसांनी आम्हांस ही गोष्ट कळली, तेव्हा यजमान आम्हांस म्हणाले, "मास्तर, आम्हाला वाटले, चार दिवस सुट्टी मिळाली." यंत्र तर पाचव्या दिवशीच सुरू झाले होते.

या 'सुट्टी'चा अर्थ काय, तो आपण समजून घेतला पाहिजे. हा उपचार सामान्यतः आठवड्यातून ५ दिवस, असा ५ ते ७ आठवडे चालतो. रोज थोडे थोडे किरण देऊन रोगट पेशी मारावयाच्या आणि निरोगी पेशींना सावरण्यास अवधी द्यावयाचा, असे त्याचे गणित आहे. मध्ये खंड पडला की उरलेल्या रोगट पेशी पुन्हा वाढू लागतात आणि झालेले काम वाया जाण्याचा धोका निर्माण होतो. त्या बाईंचे उपचार पुढे कसेबसे पुरे झाले; परंतु तो खंड पाहून डॉक्टरांच्या मुद्रेवर जी चिंता उमटली ती आम्ही विसरू शकत नाही. यंत्र बिघडणे हा कोणाचा अपराध नव्हे. मात्र 'लांब जाऊ नका, रोज चौकशी करा, खंड पडणे धोक्याचे आहे' ही तीन वाक्ये मराठीत न सांगणे, हा त्या रुग्णालयाचा दोष होता, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो.

यावरून एक गोष्ट आमच्या मनाने घेतली. शुश्रूषेचा दर्जा केवळ शस्त्रक्रियागृहात ठरत नाही. राहण्याची जागा, समजेल अशी भाषा, नीट लावलेले कागद आणि सोबतीला शहाणे माणूस, या चार गोष्टींवर तो तितकाच अवलंबून असतो. शिक्षक कितीही विद्वान असला तरी मूल निम्मे दिवस गैरहजर राहिले तर ते नापास होणारच. तद्वत् उत्तम डॉक्टर असूनही उपचार अर्धवट राहिला तर रोगच जिंकतो. यांपैकी भाषेची जबाबदारी प्रथम रुग्णालयाची आहे, आणि ती आपण त्यांच्याकडे मागितली पाहिजे. उरलेल्या तीन गोष्टी मात्र समाजाच्या हातात आहेत.

कोणी म्हणेल, आम्ही अल्पशिक्षित माणसे. या शास्त्रात आमचा काय उपयोग? त्यास एक उत्तर देतो. १९९८ पासून टाटा स्मारक केंद्राने मुंबईच्या झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लक्ष स्त्रियांबाबत एक मोठा अभ्यास केला. पातळ केलेले व्हिनेगर गर्भाशयमुखास लावून, पांढरट डाग उमटतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहावयाचे, अशी ती तपासणी होती. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. काही आठवडे शिकवून तयार केलेल्या, दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया होत्या. २०१३ साली निष्कर्ष जाहीर झाला: ज्या गटात ही तपासणी झाली त्या गटात या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी आढळले. दहावी शिकलेल्या बाईच्या हातून एवढे कार्य होते, तर हातात वही घेऊन रुग्णासोबत उभे राहणे आपणांस अशक्य का वाटावे?

म्हणून मंडळास आमची सूचना आहे की, प्रत्येक तालुक्यातून निदान दोन स्त्रिया व दोन पुरुष यांची 'सोबती' म्हणून नोंद करावी. त्यांचे काम साधे आहे. रुग्णाची एक वही करावी. तीत फाइलचा क्रमांक, तारखा, औषधे आणि डॉक्टरांनी सांगितलेले शब्द लिहावेत. डॉक्टरांस विचारावयाचे प्रश्न आदल्या रात्री लिहून न्यावेत, म्हणजे मोजकी मिनिटे वाया जात नाहीत. शिधापत्रिका, आधारपत्र आणि तपासण्यांचे अहवाल एका पिशवीत एकत्र ठेवावेत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळेल काय, याची चौकशी पहिल्याच दिवशी रुग्णालयातील समाजसेवा विभागात करावी. रेल्वेच्या भाड्यात कर्करोगाच्या रुग्णास व त्याच्या सोबत्यास मोठी सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो, तो मागून घ्यावा. दादर येथील श्रीसंत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा, परळचे नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन, अशा ठिकाणी राहण्याची विचारपूस आधीच करावी. आणि प्रत्येकाने मुंबईच गाठली पाहिजे असेही नाही. २०१२ साली स्थापन झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये आज देशभरातील तीनशेहून अधिक केंद्रे आहेत. जवळच्या केंद्रात तोच उपचार होणार असेल तर तेथील डॉक्टरांचा सल्ला आधी घ्यावा.

तक्रार असेल तर ती लेखी करावी, तारीखवार करावी आणि सभ्य भाषेत करावी. रात्रपाळीच्या परिचारिकेवर आवाज चढवून कोणाचाही रोग बरा होत नाही. आणि जेथे चांगली वागणूक मिळाली तेथे आभाराचे चार शब्दही लिहून द्यावेत.

आता शेवटची गोष्ट. ती कटू आहे, पण याच व्यासपीठावर बोलली पाहिजे. आपल्या ज्ञातीत कर्करोग लपविला जातो. मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, सोयरीक मोडेल, या धास्तीने आईच्या छातीतील गाठ वर्षवर्ष पदराआड राहते आणि मांडव उतरल्यावर रुग्णालयाची वाट धरली जाते. तोवर डॉक्टरांच्या हाती फारसे उरलेले नसते. मग दोष मात्र रुग्णालयावर येतो. हा रोग स्पर्शाने जडत नाही. बहुतेक कर्करोग आईबापांकडून वारशानेही येत नाहीत. तंबाखूचा वाटा मात्र मोठा आहे, आणि तंबाखूची चंची आपण पाहुण्यांपुढे अगत्याने करतो! ज्या घरी आजारपण आहे त्या घरची सोयरीक मोडणार नाही, असे वचन आपण वरपक्षाच्या लोकांनी या मेळाव्यात दिले, तर त्यायोगे किती माता वेळेवर उपचारास पोहोचतील याचा विचार करावा.

आणि सोबत देताना ज्ञात विचारू नये. गाडगेबाबांनी ठिकठिकाणी धर्मशाळा बांधल्या त्या रंजल्यागांजल्यांसाठी. ज्ञातिमंडळ ही सेवा शिकण्याची पहिली इयत्ता आहे. तिच्यातच जन्मभर बसून राहावयाचे नसते. आपला सोबती ज्या बाकावर बसेल, त्या बाकावरील शेजाऱ्याचाही कागद त्याने वाचून द्यावा.

सोबत्यांची यादी सुरू करण्यासाठी एक वही आम्ही कार्यवाहांकडे दिली आहे. तीत पहिले नाव आमचे आहे. दुसरे आपले असावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.