मिरगीची सावकाश विरघळणारी गोळी

मिरगीच्या, म्हणजे अपस्माराच्या, काही गोळ्यांच्या नावापुढे सीआर, ईआर, एक्सआर अशी अक्षरे छापलेली असतात. व्हॅल्प्रोएट, कार्बामाझेपिन, लेव्हेटिरासिटाम ही औषधे अशा रूपात मिळतात. या गोळीतले औषध एकदम सुटत नाही. ते कित्येक तास थोडेथोडे सुटत राहते. रक्तातील औषधाची पातळी खाली गेली की झटका येण्याचा धोका वाढतो, आणि फार वर गेली की चक्कर येते, झापड येते, एकाचे दोन दिसतात, उलटी होते. साध्या गोळीने ही पातळी दिवसातून दोन-तीनदा चढते-उतरते. सावकाश सुटणारी गोळी हा चढउतार कमी करते आणि दिवसातून एकदा किंवा दोनदा घेऊन भागते.

हे सारे गोळीच्या घडणीमुळे होते. काही गोळ्यांत औषध अशा पदार्थात मिसळलेले असते, की पाणी लागताच त्याचा बुळबुळीत थर बनतो, भिजवलेल्या जवसावर येतो तसा. औषध त्या थरातून झिरपत राहते. ही गोळी खलबत्त्यात कुटून गुळात कालवली, किंवा दाताखाली चावली, की थर मोडतो आणि दिवसभराचा डोस थोड्या वेळात रक्तात उतरतो. आधी गुंगी येते, आणि पुढची गोळी घेण्याआधीच औषध संपल्याने झटका येऊ शकतो. गिळताच येत नसेल, तर त्याच औषधाचे पातळ रूप मिळते का, हे डॉक्टरांना विचारणे बरे. काही गोळ्यांवर मधोमध रेघ असते. त्यांतल्याही डॉक्टरांनी सांगितलेल्याच अर्ध्या करायच्या आणि तो अर्धा तुकडा न चावता गिळायचा. क्वचित शौचात गोळीचे टरफल दिसते. औषध बहुधा आधीच निघून गेलेले असते. पण जुलाब चालू असताना असे दिसले, तर डॉक्टरांना कळवावे.

दुकानात एक घोटाळा नेहमी होतो. ‘पाचशे पॉवरची द्या’ एवढेच सांगितले, तर त्याच नावाची साधी गोळीही हातात पडू शकते. आकडा तोच, औषध तेच, पण सुटण्याची रीत वेगळी. म्हणून चिठ्ठीवरची आणि स्ट्रिपवरची अक्षरे जुळवून पाहावीत.

गोळीची वेळ चुकण्याची कारणे यवतमाळच्या शेतीत पुष्कळ आहेत. कापूस वेचणीला सकाळीच निघालेल्या बाईची सकाळची गोळी घरीच राहते. रात्री वीज येते म्हणून ओलिताला वावरात गेलेल्या माणसाची रात्रीची गोळी चुकते, वर जागरण होते, आणि जागरण हेही झटक्याला निमंत्रण आहे. विहिरीच्या काठावर तर झटका जिवावर बेततो. चुकलेली गोळी आठवताच घ्यावी. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. झटके थांबले म्हणून गोळी मनाने बंद करणे सर्वांत घातक. त्याने झटक्यामागून झटका येऊ शकतो. व्हॅल्प्रोएट गर्भाला अपाय करू शकते, म्हणून दिवस जाण्याचा विचार असलेल्या बाईने आधीच डॉक्टरांशी बोलावे. मात्र तिनेही गोळी आपण होऊन सोडू नये.

आता साठवण. ही औषधे साधारण २५ ते ३० अंशांच्या आत, कोरड्या जागी ठेवायची असतात. नेमका आकडा पाकिटावर असतो. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा टिनाच्या छपराखालची फळी भट्टीसारखी तापते. मग घरातला माणूस गोळ्या माठाच्या तिवईवर किंवा कूलरच्या झोतात ठेवतो. जागा गार असते, पण ओलीही असते. वाळ्याचा कूलर हवा गार करतो, तो तिच्यात पाणी मिसळूनच. सोडियम व्हॅल्प्रोएट हवेतला ओलावा ओढून चिकट होते. कार्बामाझेपिन ओलाव्याने कडक होते आणि नीट विरघळत नाही. ओलसर जागी ठेवलेल्या कार्बामाझेपिनच्या गोळ्यांचा गुण एक-तृतीयांशापर्यंत घटू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९० मध्ये दिला होता. पावसाळ्यात तर भिंतच ओल धरते. म्हणून गोळी घेण्याच्या क्षणापर्यंत स्ट्रिपमध्येच राहू द्यावी. आठवड्याच्या गोळ्या सोलून डबीत भरू नयेत. बाटलीत आलेल्या गोळ्यांसोबतची ओलावा शोषणारी पुडी फेकू नये. आतल्या खोलीतला, जमिनीलगतचा, झाकणाचा कोरडा डबा ही बरी जागा, पण मुलांचा हात पोचत असेल तर त्याला कुलूप हवे. दुचाकीच्या डिक्कीत गोळ्या मुळीच राहू नयेत.

चिकट झालेली, फुगलेली, रंग बदललेली गोळी घेऊ नये. ती दाखवून नवी आणावी. स्ट्रिप कापून घेताना मुदतीची तारीख असलेला तुकडा आपल्याकडे येतो ना, हे दुकानातच पाहावे.