२३ कोटी वेळा आलेला पॉप-अप

आजचा भाग जरा जड आहे. अमेरिकेत डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेदनाशामक गोळ्यांमुळे जे मृत्यू झाले, त्याबद्दल बोलायचंय. पण सुरुवात माझ्या कामापासून करतो.

मी पुण्यात बसून तिकडच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. डॉक्टर पेशंटची फाईल उघडतो, बाजूला एक चौकोन येतो, ‘यांची शुगर तपासून वर्ष झालं.’ असे चौकोन आमच्याकडे तिकीट म्हणून येतात. कधी दाखवायचा, मजकूर काय, बटणं कोणती, सगळं लिहिलेलं असतं. मी कोड लिहितो, टेस्टिंग होतं, रिलीज होतो. तो मजकूर कुणी ठरवला, हे मी आजवर कधी विचारलंच नव्हतं.

मग प्रॅक्टिस फ्यूजनची केस वाचली.

ही सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी. हजारो छोट्या दवाखान्यांना तिने पेशंटच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर फुकट दिलं, कमाई जाहिरातींतून. फुकट म्हटलं की पुढचं आपल्याला कळतंच. २०१६ मध्ये त्यात एक नवा अलर्ट आला. पेशंटला किती दुखतंय, आकडा भरा. मग उपचारांची यादी उघडायची, आणि त्या यादीत ओपिऑइड गोळ्याही होत्या. २०१९ पर्यंत हा अलर्ट साधारण २३ कोटी वेळा डॉक्टरांच्या स्क्रीनवर आला.

डॉक्टरला वाटणार, हा वैद्यकीय सल्ला आहे. प्रत्यक्षात त्यासाठी एका ओपिऑइड बनवणाऱ्या कंपनीकडून जवळपास १० लाख डॉलर घेतले होते. तुमच्या गोळ्या जास्त खपतील, पैसे वसूल होतील, असं सांगून हा अलर्ट विकला होता. अमेरिकेच्या न्याय खात्याने म्हटलंय की पैसे देणाऱ्या औषध कंपन्यांना अलर्ट कुठल्या अटीवर यावा हे ठरवायची मुभा होती, काही वेळा तर मजकूरही त्यांनीच लिहिला. थोडक्यात, माझ्या तिकिटात जे जे असतं ते सगळं!

गंमत बघा (गंमत कसली म्हणा). त्याच २०१६ च्या मार्चमध्ये सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, डॉक्टरांना सांगितलं होतं की जुनाट दुखण्यासाठी ओपिऑइड सुरू करायचंच झालं तर हळूहळू विरघळणाऱ्या, दीर्घकाळ चालणाऱ्या गोळीने करू नका. आणि अलर्ट नेमका त्याच गोळ्यांसाठी होता. ज्यांना अलर्ट दिसला त्या डॉक्टरांनी त्या गोळ्या इतरांपेक्षा जास्त लिहून दिल्या. जानेवारी २०२० मध्ये प्रॅक्टिस फ्यूजनने १४.५ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं. तेव्हा औषध कंपनीचं नाव जाहीर केलं नव्हतं. नोव्हेंबरमध्ये पर्ड्यू फार्माने कोर्टात गुन्हा कबूल केला, त्यात हे पैसेही होते.

पर्ड्यू म्हणजे ऑक्सिकॉन्टिनवाली. १९९६ ला ही गोळी बाजारात आली. औषध सावकाश सुटतं, त्यामुळे गैरवापर कमी होईल असं मानलं जातं, हे वाक्य चक्क तिच्या अधिकृत माहितीपत्रकात होतं. २००७ मध्ये कंपनीने दिशाभूल केल्याचं कबूल केलं, दंड भरला, आणि विक्री चालूच राहिली. २०१२ मध्ये अमेरिकेत १०० माणसांमागे ८१ ओपिऑइड प्रिस्क्रिप्शन्स लिहिली गेली.

माणूस मरतो कसा, तर श्वास थांबून. ही औषधं अफूच्या कुळातली. मेंदूतला जो भाग श्वास चालू ठेवतो त्यालाच ती गुंगवतात. वर दारू किंवा झोपेची गोळी घेतली की धोका आणखी वाढतो. सवय झालेल्या माणसाचा डोस वाढत जातो. मध्ये काही आठवडे बंद ठेवून त्याने पुन्हा जुनाच डोस घेतला, तर शरीराला तो आता झेपत नाही.

आता आकडे. इथे माझ्यातला इंजिनिअर अडकला. या गोळ्यांशी संबंधित मृत्यू १९९९ मध्ये ३,४४२, तर २०१७ मध्ये १७,०२९. पण २०१६ साठी दोन आकडे मिळतात, ३२,४४५ आणि १७,०८७. जवळजवळ दुप्पट फरक! कारण मृत्यूच्या नोंदीत टी४०.४ नावाचा एक कोड आहे. दवाखान्यातलं फेंटानिल आणि गल्लीत विकलं जाणारं बेकायदा फेंटानिल, दोन्ही त्यातच जातात. बेकायदा माल वाढला आणि त्याचे बळीही डॉक्टरांच्या गोळ्यांच्या खात्यात पडायला लागले. शेवटी सीडीसीच्या लोकांनी तो कोड वगळून मोजलं. एकाच कॉलममध्ये दोन वेगळ्या गोष्टी भरल्या की काय होतं, हे आपल्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी भोगलंय.

मग मोठा आकडा खोटा का? मोजणी म्हणून हो. पण २०१० मध्ये ऑक्सिकॉन्टिन सहज कुटता येणार नाही अशी केली, तेव्हा सवय लागलेले बरेच जण हेरॉइनकडे वळले, आणि नंतर हेरॉइनच्या बाजारात फेंटानिल शिरलं. त्या माणसाच्या दाखल्यावर फेंटानिल लिहिलं जातं. पहिली गोळी कुणी लिहून दिली होती, यासाठी कॉलम नाही.

आणि उलटी चूकही झाली. घाबरून काही डॉक्टरांनी गोळ्या एकदम तोडल्या. २०१९ मध्ये एफडीएला सांगावं लागलं की असं अचानक बंद केल्याने पेशंटचे प्रचंड हाल होतात, आत्महत्याही होतात. तेव्हा हे ऐकून घरातल्या कुणाची गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

केस वाचली त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे एका नव्या अलर्टचं तिकीट होतं. औषधाचाच. मी मॅनेजरला मेसेज टाकला, ‘सर, हा मजकूर कुणी दिलाय?’ ते म्हणाले, ‘क्लायंटकडून आलाय.’ मी विचारलं, ‘क्लायंटमध्ये कुणी?’ त्यावर बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं, मग तेही गेलं. आज नववा दिवस. तिकीट माझ्या नावावर ‘ब्लॉक्ड’ म्हणून पडलंय, आणि रोज सकाळच्या मीटिंगमध्ये मला त्याचं कारण सांगावं लागतंय.